साठ धुण्यांनंतर

शर्वरी मगदूमला चिडायला कारण लागत नाही, असं तिच्या कार्यालयात सगळेच म्हणत. साफ खोटं. कारण दर वेळी असायचं आणि चांगलं सज्जड असायचं. बाकीच्यांना ते दिसायला उशीर व्हायचा, एवढंच. त्यातून तिचं काम असं, की ते करून जो माणूस चिडत नाही त्याचीच तपासणी करायला हवी. कोल्हापूरच्या जीवनांक मंडळात ती पडताळणी अधिकारी होती. कंपन्या कागदावर काय काय थापा मारतात ते दिवसभर वाचायचं आणि शेवटी शिक्का द्यायचा की नाही ते सांगायचं.

जीवनांक ही तशी साधी गोष्ट आहे. एखाद्या वस्तूनं जन्मल्यापासून मरेपर्यंत या पृथ्वीला किती त्रास दिला, त्याचा एक आकडा. साडीचंच घ्या. कापसाला लागलेलं पाणी आणि फवारणी, सूत काढायला लागलेली वीज, रंगाचं सांडपाणी, ट्रकचं डिझेल. मग घरी आल्यावर प्रत्येक धुण्याचं पाणी आणि साबण. आणि शेवटी ती कुठे जाऊन पडते, कुजते की जळते, तेही. सगळं जमेस धरायचं. आकडा जितका लहान तितकी वस्तू गुणाची. एके काळी हा अभ्यासकांचा हौसेचा विषय होता. आता कायदा झाला होता. शिक्का नसेल तर माल दुकानात ठेवता येत नव्हता, आणि आकडा मोठा निघाला तर असा कर बसायचा की कारखानदाराच्या तोंडचं पाणी पळायचं.

पण या सगळ्यात एक मेख होती. वस्तूचं आयुष्य कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं, ही रेघ आधी कुणीतरी मारावी लागते. रेघेच्या आतलं मोजायचं, बाहेरचं सोडून द्यायचं. आणि रेघ मारणार कोण? ज्याचा माल, तोच. मंडळानं फक्त ती सरळ आहे की नाही बघायचं.

त्या वर्षी शर्वरीच्या टेबलावर आलं होतं शुभ्रांगी मिलचं 'अमळ' साडीचं प्रकरण. मिल इचलकरंजीतली, म्हणजे तिच्याच गावातली, आणि तिचा धाकटा भाऊ विश्वजित तिथे लेप विभागात शिफ्टचा प्रमुख. हे तिनं मंडळाला आधीच लेखी कळवलं होतं. त्यावर मंडळाचे अध्यक्ष डॉ. केळुसकर हसून म्हणाले होते, "इचलकरंजीत कुणाचा भाऊ मिलमध्ये नाही ते सांग, त्याला देतो हे काम." केळुसकर म्हणजे शर्वरीचे गुरू. राज्यातली जीवनांकाची सगळी पद्धत त्यांनी बसवलेली, आणि तिला हाताला धरून शिकवलेली.

अमळ साडी ही खरोखरच कमालीची वस्तू होती, हे शर्वरीही मान्य करायची. सुती साडी, पण सुताच्या प्रत्येक तंतूवर एक पातळ लेप. मळ त्या लेपाला चिकटायचा, आणि धुताना लेपाचा वरचा पापुद्रा मळासकट गळून जायचा. खाली नवा पापुद्रा तयार. साबण नको, अर्ध्या बादलीत साडी स्वच्छ. ज्या गावात टँकर आठवड्यातून एकदा येतो तिथे या साडीनं बायकांचे हाल किती वाचवले ते पुरुषांना सांगून कळायचं नाही. लेप साठ धुणी टिकायचा. मिलचं म्हणणं, साठ धुण्यांनी साडीचं आयुष्य संपलं. मग ती दुकानातल्या लाल पेटीत परत टाकायची, मिल तिचं पुन्हा सूत काढते. आकडा राज्यात सगळ्यात लहान. आता सरकार दुष्काळी तालुक्यांत घरटी दोन साड्या वाटणार होतं. शिक्क्याचं नूतनीकरण तेवढं बाकी होतं.

ती फाईल अर्धी वाचून झाली होती तेव्हा शर्वरी रविवारी घरी गेली. विश्वजितची मुलगी आर्वी सात आठवड्यांची झाली होती.

"बघ की कशी गुणाची आहे," आई म्हणाली. "नुसती झोपती. दूध प्यायलासुद्धा उठवायला लागतंय. तू असली रडकी होतीस, गल्ली उठवायचीस."

प्रणालीच्या, म्हणजे विश्वजितच्या बायकोच्या चेहऱ्यावर मात्र कौतुक नव्हतं. ती आई आत गेल्यावर हळूच म्हणाली, "अक्का, ही रडतच नाही हो. रडली तर आवाज घोगरा येतो. चार-चार दिवस शी करत नाही. मी बोलले तर सगळे म्हणतात पहिलटकरणीला सगळ्याची काळजी वाटते."

शर्वरीनं बाळाला उचलून घेतलं. अंग गार होतं आणि मान ओल्या कापडासारखी लुळी पडत होती. तिनं चपला घातल्या, प्रणालीला रिक्षात बसवलं आणि तडक डॉक्टर चिवटेंकडे नेलं. रविवारी दवाखाना बंद असतो, हे सांगणाऱ्या माणसाला तिनं जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोन दिवसांनी रक्ताचा निकाल आला. आर्वीची थायरॉईडची ग्रंथी जवळजवळ झोपली होती.

"पण जन्मल्यावर चौथ्या दिवशी टाचेतून रक्त घेतात ना? ती चाचणी साफ होती," शर्वरी म्हणाली.

"तेच तर." डॉक्टर चिवटे थकलेल्या दिसत होत्या. "गेल्या दोन-तीन वर्षांत अशी बरीच बाळं आली माझ्याकडे. चौथ्या दिवशी सगळं ठीक, आणि दीड-दोन महिन्यांनी हे असं. म्हणजे जन्मतः दोष नाही. घरातूनच काहीतरी रोज थोडं थोडं अंगात जातंय. आईचं दूध तपासलं, पाणी तपासलं. मला सापडत नाही."

"आर्वीचं काय होईल?"

"गोळी सुरू केली आहे. अंग धरेल ती. मेंदूला कितपत फटका बसला आहे, ते बोलायला-चालायला लागल्यावरच कळेल. तुम्ही लवकर आणलंत एवढंच मी म्हणेन. काही लोक सहा-सहा महिने आणत नाहीत. बाळ शांत आहे म्हणून खूश असतात."

घरी परतल्यावर शर्वरी अंगणात उभी राहिली. दोरीवर बाळाची दुपटी आणि बाळोती वाळत होती, पिवळसर, अगदी मऊसूत. एकाच्या कडेला चांदीसारखा बारीक धागा चमकला. हा धागा तिच्या चांगल्या ओळखीचा होता.

"आई, ही कुठल्या साडीची फाडलीस?"

"माझ्या अमळची. विशूनं आणलेली की, मिलमधनं, पहिल्या मालातली. धुऊन धुऊन अशी झाली बघ, नुसती साय. लेकराला कोरं कापड घालतात व्हय? टोचतंय. तुला माझ्या आईच्या लुगड्याची केली होती, विशूला आत्याच्या पातळाची." आई एक एक घडी करत होती. "चांगली निघाली म्हणून पलीकडच्या शबानाला पण दिली. तिचंबी दोन महिन्याचं आहे."

शर्वरीनं एक बाळोतं पिशवीत घातलं. आई विचारत राहिली कशाला.

तो चांदीचा धागा म्हणजे खूणधागा. कायद्यानंच प्रत्येक कापडात विणलेला असायचा, वीतभर अंतरावर एक, म्हणजे कापड फाडलं तरी प्रत्येक तुकड्यात एखादा राहणारच. केसाएवढी जाड धातूची तार. घराघरातल्या विजेच्या मीटरमध्ये एक वाचक बसवलेला असायचा. तो लहरी सोडायचा आणि धागा आपला क्रमांक सांगायचा, शिवाय आपण किती वेळा भिजून वाळलो तेही. म्हणजे वस्तूच्या आयुष्याचा अंदाज बांधत बसायला नको. तिनं स्वतःच सांगावं. कल्पना केळुसकर सरांची, आणि शर्वरीला तिचा केवढा अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन तिनं आईच्या साडीचा क्रमांक यंत्रात घातला. उत्तर आलं: आयुष्य पूर्ण, परत गेली.

परत कुठे गेली? तिच्या पिशवीत होती ती.

तिनं मुळातल्या नोंदी उघडायला लावल्या. तेव्हा कळलं की साठ धुण्यांनंतरच्या नोंदींवर एक चाळणी लावलेली आहे. एखादा धागा दिवसाला दोनपेक्षा जास्त धुणी सांगू लागला तर तो बिघडला असं धरायचं आणि त्याची नोंद काढून टाकायची. शेजारी टिप्पणी होती: 'कोणतेही वस्त्र दिवसातून आठ-दहा वेळा धुतले जाणे संभवत नाही.'

शर्वरीनं ते वाक्य वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. संभवत नाही म्हणे. हे लिहिणारा काय झाडावरून पडला होता? त्याच्या घरात कधी मूल जन्मलं नव्हतं? दिवसातून आठ-दहा वेळा काय धुतात, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाईला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. पण विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. लाल पेटीत किती साड्या परत येतात याची जी पाहणी झाली होती, तीसुद्धा ज्याच्या नावावर बिल त्याला फोन करून. बिलं नवऱ्यांच्या नावावर. नवरे म्हणाले, हो हो, परत केली. झालं.

तिनं ती चाळणी काढली आणि टाकून दिलेले सगळे धागे नकाशावर मांडले. इचलकरंजी, जयसिंगपूर, सांगली, पार मिरजेपर्यंत, मेलेल्या साड्यांचे तुकडे जिवंत होते. एका घरात येत, दिवसाला आठ-दहा वेळा धुतले जात, दीड-दोन वर्षं राहत, आणि पुन्हा दुसऱ्या घरात जात, जिथे दुसरं बाळ आलेलं असे. परत गेलेल्या म्हणून लिहिलेल्या साड्यांपैकी निम्म्याहून जास्त अशा बाळांच्या अंगाखाली होत्या. शर्वरीनं नकाशा छापून घेतला आणि पिशवीतलं बाळोतं प्रयोगशाळेकडे पाठवलं.

प्रयोगशाळेनं बाळोत्याचं उत्तर आठवड्यानं दिलं. नवी साडी निर्धोक होती. लेपाचे पापुद्रे मोठे असत, पाण्याबरोबर वाहून जात आणि कुजत. पण साठ धुण्यांनंतर लेप पापुद्र्यानं सुटत नव्हता, त्याचा भुगा होत होता, मैद्याहून बारीक. कापड मऊ लागायचं ते त्यामुळेच. आणि त्यात मूत मिसळलं की मुतातल्या अमोनियानं तो भुगा विरघळायचा आणि बाळाच्या पातळ कातडीतून सरळ आत जायचा. आत गेल्यावर तो आयोडीनची जागा अडवत होता. आयोडीन मिळालं नाही की थायरॉईडची ग्रंथी काम करत नाही. मोठ्या माणसाला एवढ्याशा भुग्यानं काही होत नाही. चार किलोच्या बाळाला, दिवसरात्र ओल्या कापडात गुंडाळलेल्या, होतं.

हे सगळं घेऊन ती केळुसकर सरांच्या खोलीत गेली. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचलं. नकाशा पुन्हा पुन्हा बघितला. मग म्हणाले, "उत्तम काम केलंस."

शर्वरीला हायसं वाटलं. ते एका मिनिटासाठीच.

"म्हणजे साडी साठ धुण्यांवर संपत नाही, तर त्यानंतरही किती तरी वापरली जाते," सर म्हणाले. "हा पुनर्वापर झाला. त्याचं श्रेय मिलला द्यावं लागेल. आकडा एवढ्या वापरानं भागला तर जीवनांक आणखी निम्म्यानं खाली येईल."

तिला आधी वाटलं ते चेष्टा करताहेत. "सर, पोरं आजारी पडताहेत."

"ते वाईटच आहे. पण लेपाचं वजन बघ. साडीच्या वजनाच्या शंभरात एक भागसुद्धा नाही. इतका किरकोळ घटक आपण हिशेबात घेत नाही; नियमच आहे तो. घातक म्हणून जाहीर करायचा तर समिती नेमावी लागेल. दोन वर्षं कुठे गेली नाहीत."

"तोवर साड्या वाटून होतील. आणि साठ धुण्यांनी त्या सगळ्या बाळंतिणींच्या घरी जातील."

"मग तळटीप देऊ. साडीच्या काठावर छापायचं, नवजात बालकांसाठी वापरू नये. शर्वरी, हा गैरवापर आहे. मिलनं साडी नेसायला दिली, बाळाला गुंडाळायला नाही. त्या बायकांनी तसं केलं तर त्याला मिल काय करणार?"

"काठावर छापलेलं साठ धुण्यांनी राहील का?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आणि गैरवापर म्हणे," तिचा आवाज चढला तो दाराबाहेर ऐकू गेला असणार. "इथे शेकडो वर्षं हेच चालत आलंय. जुनं कापड बाळाला घालायचं, ते टोचत नाही म्हणून. माझी आई चुकली का? सर, तुमचा मुलगा जन्मला तेव्हा त्याला कशात गुंडाळला होता?"

"मला कसं माहीत असणार?"

"तेच म्हणतेय मी. तुम्हाला माहीत नव्हतं आणि तुम्ही रेघ मारलीत. आता चूक निघाली तर खापर बायकांच्या माथी."

केळुसकर सरांचा चेहरा पडला, पण त्यांनी माघार घेतली नाही. नियमांचं पुस्तक तिच्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "मी रागावर शिक्का अडवू शकत नाही. कलम तुलाही पाठ आहे. किरकोळ घटक वगळता येतो; अपवाद एकच. तो घातक आहे हे उत्पादकाला आधीपासून माहीत असेल तर तो कितीही कमी असला तरी मोजावा लागतो, आणि शिक्का तिथल्या तिथे थांबतो. पण तसं मिलमधल्या कुणीतरी येऊन सुनावणीत सांगायला हवं. सांगेल कोण?"

कोण सांगू शकेल, हे दोघांनाही ठाऊक होतं. सरांनी नाव घेतलं नाही, एवढा मात्र त्यांचा चांगुलपणा.

दुपारची शिफ्ट सुटायच्या वेळी शर्वरी मिलच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर उभी होती. विश्वजित तिला बघून हसत आला. आर्वी आता रडते, दूध मागते, असं सांगू लागला. तिनं त्याला बाकावर बसवलं, सगळं सांगितलं, आणि विचारलं, "साठ हाच आकडा का? पन्नास का नाही, ऐंशी का नाही?"

तो चहाचे पैसे द्यायला खिसा चाचपू लागला.

"विशू, मी विचारतेय."

"साठनंतर भुगा होतो म्हणून," तो म्हणाला. "सुरुवातीला आम्ही दीडशे धुण्यांपर्यंत चाचण्या घेत होतो. तो भुगा दिवसभर नाकातोंडात जाऊन चाचणीच्या खोलीतल्या पोरांचे गळे सुजायला लागले. थकायची, दिवसा झोप यायची त्यांना. वरनं सांगितलं, साठच्या पुढे चाचणी घ्यायची नाही. आयुष्यच साठ लिहायचं. साडी परत येणार मिलमध्ये, मग कुणाला काय होतंय?"

"आणि परत येत नाहीत हे?"

"येतात की. आम्ही पण परत केली." तो थांबला. "पाहणीवाल्यांचा फोन आला होता, मी तसंच सांगितलं. घरात दिसत नव्हती जुनी साडी. मला वाटलं केली असेल परत."

"घरात दिसत नव्हती." शर्वरी एकेक शब्द चावून म्हणाली. "तुझ्या पोरीच्या अंगावर होती. तू रोज कामावरून येऊन तिला मांडीवर घेत होतास, त्याच कापडासकट. तुला ते विष आहे हे ठाऊक होतं, आणि ते तुझ्या हातात होतं, आणि तुला ओळखू आलं नाही."

विश्वजितनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याची कीव येण्याच्या मनःस्थितीत ती नव्हती, तरी आली. लहानपणी तिनंच त्याला कडेवर वागवला होता.

"अक्का, माझी नोकरी जाईल," तो शेवटी म्हणाला. "माझी एकट्याची नाही. मिल बंद पडली तर निम्मं गाव बसेल. आणि साडी वाईट नाही गं. आईच्या कमरेचं दुखणं गेलं ते या साडीमुळे. हंडे वाहायचे थांबले. ते पण मोजा की कुठेतरी."

"ते मोजलंय. त्याच्यावरच तर शिक्का मिळालाय इतकी वर्षं. दुसरी बाजू कुणी मोजली नाही. ती फक्त तू सांगू शकतोस."

"नाही सांगितलं तर?"

"तर सरकार घरटी दोन साड्या वाटेल. मी शिक्का द्यायला नाही म्हटलं तर दुसरा कुणी देईल. आणि मी तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही. ही धमकी नाही, मला जमणारच नाही."

तो गाडी काढून निघून गेला.

सुनावणीच्या दिवशी तो येईल की नाही हे तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. मिलचे वकील अर्धा तास पाण्याच्या बचतीवर बोलले, आणि बोलले ते खरंच होतं, म्हणून शर्वरीला जास्तच संताप येत होता. पुनर्वापराचं श्रेयही त्यांनी मागून घेतलं. तिचाच नकाशा त्यांनी पडद्यावर लावला होता, खाली लिहून: 'अमळ, पिढ्यान् पिढ्या.' तिनं बाटलीतलं पाणी पिऊन तोंड गच्च मिटून ठेवलं. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि विश्वजित आत आला. मिलचा निळा शर्ट घालूनच आला होता.

त्यानं फार काही सांगितलं नाही. चाचण्या कधी थांबवल्या, कुणाच्या सांगण्यावरून, आणि का. वकिलांनी त्याला कोंडीत पकडायचा प्रयत्न केला. "इतकं घातक होतं तर तुम्ही स्वतःच्या घरी सांगितलं कसं नाही?"

"घरी जुन्या साडीचं काय करतात, मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "कधी विचारलंच नाही."

केळुसकर सरांनी पेन खाली ठेवलं. बाकीच्या सदस्यांकडे बघितलं आणि शिक्का थांबवल्याचं सांगितलं. आवाज अगदी कोरडा होता. बाहेर पडताना त्यांनी शर्वरीकडे पाहिलं नाही, आणि तिनंही थांबून त्यांना काही म्हटलं नाही. इतक्या वर्षांच्या गुरूबद्दल मनात जे होतं ते गेलं होतं, आणि त्याचंही तिला वाईट वाटण्याऐवजी रागच येत होता.

पण साड्या काही शिक्का थांबवल्यानं घराघरांतून उठून परत येणार नव्हत्या. मिलनं जाहिरात द्यायची, सरकारनं पत्रक काढायचं, यात महिने गेले असते. संध्याकाळी दोघं घरी गेली, तेव्हा आई आर्वीला पायांवर घेऊन तेल लावत होती. आर्वीच्या अंगाखाली नवं कोरं दुपटं होतं; निकालाआधी बाहेर वाच्यता करायला मंडळाची बंदी होती, म्हणून शर्वरीनं कारण न सांगता फक्त घरातली बाळोती बदलून घेतली होती. ते टोचतंय म्हणून आई कुरकुरत होती.

विश्वजितनं आईला सगळं सांगितलं. आईनं तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"म्हणजे मी घातलं हिच्या अंगात ते," ती म्हणाली.

"तू नाही," शर्वरी म्हणाली.

"मग कुणी? माझ्या हातानं फाडली मी ती साडी. वर लोकांना पण वाटली." आई उठली, आर्वीला प्रणालीकडे दिलं आणि पदर खोचला. "शबानाकडं आहेत, माळ्याच्या सुनेकडं आहेत, त्या कोपऱ्यावरच्या पोरीला दिल्यात. चला. आत्ताच्या आत्ता आणायच्या."

"आई, तू बस. मी जाऊन सांगते," शर्वरी म्हणाली.

"तू कशाला? मी दिल्यात, मी मागून आणते. मी सांगते त्यांना, चुकलं माझं."

"तुझं काही चुकलेलं नाही आणि तू असलं काही बोलायचं नाहीस," शर्वरी कडाडली. "विशू, तू सांगायचं. प्रत्येक दारात. आई फक्त घर दाखवेल."

विश्वजितनं तिच्याकडे बघितलं. नाही म्हणाला नाही. प्रणालीनं आतून एक रिकामं पोतं आणून त्याच्या हातात दिलं. देताना तिनं नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पहिलं दार शबानाचं. तिनं बाळाला खांद्यावर घेऊनच दार उघडलं. "काकू, या की. काय झालं?"

आईनं मुलाकडे पाहिलं.

"ती जुन्या साडीची बाळोती परत द्या," विश्वजित म्हणाला. "त्याच्यातून बाळाला अपाय होतो. आमच्या आर्वीला झालाय. बाळाला उद्याच्या उद्या डॉक्टर चिवटेंकडे न्या, थायरॉईड तपासा. आम्ही येतो बरोबर."

शबानानं खांद्यावरच्या बाळाकडे बघितलं. ते झोपलेलं होतं, अगदी शांत. "आमचं तर गुणाचं आहे," ती पुटपुटली. मग तिचा चेहरा बदलत गेला. "तुम्ही तर मिलमध्ये आहात ना? तुम्हाला हे कधी कळलं?"

शर्वरी मागे उभी होती. तिला वाटलं तो म्हणेल, परवा. आठवडा झाला. काहीही म्हटलं असतं तरी शबानाला कळलं नसतं.

"साड्या दुकानात यायच्या आधीपासून ठाऊक होतं," विश्वजित म्हणाला.

शबाना आत गेली. आतून कपाट उघडल्याचा, बादली सरकवल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली. बाळ आता एका टॉवेलात होतं. विश्वजितनं पोत्याचं तोंड उघडून धरलं होतं, पण तिनं पोत्यात काही टाकलं नाही. त्याचा हात ओढला आणि ती बाळोती त्याच्या हातावर ठेवली.

"ओली आहेत," ती म्हणाली. "आत्ता बदलली."